घरचा राउटर आणि रुग्णालयाची दप्तरे

वार्षिक अहवालात खाटा, शस्त्रक्रिया, देणग्या आणि खर्च यांचा तपशील देण्याची आपली परंपरा आहे. यंदा विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने, जमाखर्चात कोठेही न दिसणाऱ्या एका विषयाविषयी लिहीत आहोत. त्यास कारणही तसेच घडले. सन २०२४ च्या मे महिन्यात आपल्या देणगीदारांची यादी परक्या हाती जाता जाता राहिली.

कलम ८०-जी खाली मिळालेल्या देणग्यांचे विवरण नमुना १०बीडी मध्ये ३१ मेपर्यंत सादर करावे लागत असे. त्यात प्रत्येक दात्याचे नाव, पत्ता, पॅन क्रमांक आणि रक्कम असते. मुदत जवळ आली की आमच्या लेखा विभागातील दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात. त्या वर्षी विभागातील एका जुन्या सहकाऱ्यांनी हे काम घरी नेले. २०२० च्या टाळेबंदीत ही मुभा आम्हीच दिली होती आणि पुढे ती काढून घेण्याचे आमच्याच लक्षात राहिले नाही. रकमांचा मेळ घालण्यासाठी त्यांनी बँकेचे पान उघडले, तेव्हा संगणकाने इशारा दिला की या पानाचे प्रमाणपत्र बँकेच्या नावाशी जुळत नाही. घाईच्या वेळी अशा इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाणारेच अधिक. आमच्या सहकाऱ्यांनी संगणक बंद केला आणि रात्री साडेदहा वाजता आम्हास दूरध्वनी केला. यादी त्यांच्याच संगणकावर राहिली होती आणि ती बाहेर गेल्याची कोणतीही खूण तपासणीत आढळली नाही. तरीही बँकेचे सर्व पासवर्ड आम्ही त्याच रात्री बदलले.

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञांना दोष सापडला तो घरातील राउटरमध्ये. त्याच्या मांडणीत बाहेरच्या कोणी तरी शिरून एकच नोंद बदलली होती. ही नोंद कशाची, हे रुग्णालयाच्या भाषेत सांगितल्यास लवकर समजेल. नवा रुग्ण प्रथम चौकशीच्या खिडकीशी येतो आणि अमुक डॉक्टर कोठे बसतात असे विचारतो. खिडकीतला माणूस सांगेल त्या खोलीकडे तो निःशंकपणे जातो. आपला संगणकही बँकेचे पान शोधताना अशाच एका खिडकीवर पत्ता विचारतो. तिला डीएनएस म्हणतात, आणि विचारणा कोणत्या खिडकीवर करायची ते बहुधा राउटर ठरवितो. येथे खिडकीतला माणूसच बदललेला होता.

तो बदलता आला, कारण राउटरला दोन पासवर्ड असतात हे घरात कोणास ठाऊक नव्हते. खरे सांगावयाचे तर आम्हासही नव्हते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वाय-फायचा पासवर्ड ही दाराची किल्ली, तर मांडणीचा पासवर्ड म्हणजे कुलूपच बदलण्याचा अधिकार. पहिला आपण पाहुण्यांपासूनही जपतो. दुसरा अनेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो आणि तो बहुतेक वेळा ‘अ‍ॅडमिन’ हाच शब्द असतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने अशा साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी त्या फौजेच्या बळावर अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. ज्यांच्या घरचे कॅमेरे त्यात सामील होते, त्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नसेल.

“आमच्या घरी चोरण्यासारखे काय आहे?” असा प्रश्न आम्हास नेहमी विचारला जातो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा ई-मेल वृत्तवाहिन्यांकडे गेला. तपासाचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरापर्यंत आला. तेथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थांचे वाय-फाय उघडे होते आणि ते परस्पर वापरण्यात आले होते. त्या घरातून काहीच चोरीस गेले नव्हते. चौकशीला मात्र त्या गृहस्थांना सामोरे जावे लागले.

बिनतारी लहरी भिंतींना जुमानत नाहीत, म्हणून त्या सांकेतिक रूपात पाठवाव्या लागतात. १९९७ ची डब्ल्यूईपी ही पद्धत २००१ मध्येच भेद्य ठरली. तरीही अमेरिकेतील एका मोठ्या दुकान-साखळीने ती पुढेही वापरली आणि २००५ पासून तिच्या जाळ्यातून किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांचे तपशील चोरले गेले. २००४ ची डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ ची डब्ल्यूपीए-३ या पद्धती आज वापरण्यायोग्य आहेत. हिशेबाची आवड असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. राउटरवर ‘डब्ल्यूपीएस’ नावाची सोय असते. तिचा क्रमांक आठ अंकी. शेवटचा अंक केवळ पडताळणीचा, म्हणजे शक्यता १ कोटी. परंतु अनेक राउटर पहिले चार अंक आणि उरलेले तीन स्वतंत्रपणे तपासत, त्यामुळे १० हजार अधिक १ हजार, एवढ्याच प्रयत्नांत काम होई. ही चूक २०११ मध्ये उघडकीस आली. ही सोय बंद ठेवणेच बरे.

रुग्णालयाचाही दोष सांगितला पाहिजे. आमच्या वॉर्डातील फळ्यावर वाय-फायचा पासवर्ड खडूने लिहिलेला असे आणि त्याच जाळ्यावर प्रयोगशाळेची यंत्रे आणि बिलांचा संगणक चालत असे. दिल्लीच्या ‘एम्स’वर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तेथे नोंदणी आणि अहवालांची कामे हाताने करावी लागली. ती बातमी आम्ही वाचली आणि फळा मात्र तसाच राहिला. मे महिन्यातील प्रकारानंतर आम्ही जाळे तीन भागांत विभागले: उपचारांची यंत्रे, कार्यालय आणि अभ्यागत. या खर्चात एखादा इन्फ्युजन पंप आला नसता का, असे एका विश्वस्तांनी विचारले. प्रश्न रास्त होता. उद्याचे पंपही याच जाळ्यावर चालतील, एवढेच उत्तर आमच्याकडे होते. देणगीदारांची यादी आता कार्यालयाबाहेर जात नाही.

आपणही घरी एवढे करावे. राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या चिठ्ठीवर मांडणीचा पत्ता छापलेला असतो. तेथे जाऊन दुसरा पासवर्ड बदलावा, बाहेरून मांडणी बदलण्याची सोय बंद करावी आणि कंपनीने पाठविलेली सुधारणा स्वीकारावी. वाय-फायचा पासवर्ड लांब असावा. स्वतःचा मोबाइल क्रमांक नसावा. पाहुणे, दूरदर्शन संच आणि कॅमेरे यांना ‘गेस्ट’ जाळे द्यावे. हे जमत नसल्यास घरातील महाविद्यालयीन मुलास सांगावे. अर्ध्या तासाचे काम आहे. राउटर फारच जुना असेल आणि त्यास सुधारणा येत नसतील, तर तो बदलण्यास पर्याय नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या जाळ्याचा पासवर्ड दर सोमवारी बदलतो आणि प्रवेशपत्राच्या मागे छापून मिळतो. परिचारिकांकडे तो मागू नये. त्यांच्याकडे तो नसतो.