जॉब रिजेक्ट झाला, म्हणून पगार कापता येतो का?

अहिल्यानगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत लेथवरचा जॉब बिघडतो, स्टोअरच्या हिशेबात माल कमी भरतो आणि महिनाअखेरीस पगारातून रक्कम वजा होते. हे कायद्यात बसतं का?

सरसकट नाही. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यातला नियम 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही कायम आहे. नुकसानीची कपात दोनच बाबतींत करता येते: सांभाळायला म्हणून स्पष्टपणे तुमच्या ताब्यात दिलेला माल, किंवा ज्याचा हिशेब तुम्ही द्यायचा असतो ती रोकड. तेही नुकसान थेट तुमच्या हलगर्जीमुळे झालं असेल तरच. मशीन जुनी, टूल झिजलेलं किंवा कच्चा माल खराब असेल, तर तो दोष कामगाराचा नाही.

कपातीआधी मालकाने काय करायला हवं?

• कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते.
• प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही.
• सगळ्या कपाती मिळून त्या पगाराच्या 50 टक्क्यांवर जाता कामा नयेत.

दंड ही वेगळी गोष्ट. तो त्या पगाराच्या 3 टक्क्यांपर्यंतच लावता येतो.

तुमचा पगार कापला असेल तर?

कपातीचं कारण लेखी मागा. पगाराची स्लिप, हजेरी आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात चौकशी करा. संहितेनुसार दावा 3 वर्षांच्या आत करता येतो.