घातक उत्परिवर्तन

घातक उत्परिवर्तन ही विषाणूजन्य संसर्गावरील उपचाराची एक पद्धत आहे. या पद्धतीत विषाणूच्या जनुकीय मजकुरातील चुकांचे प्रमाण औषधाच्या साहाय्याने इतके वाढविले जाते की, त्याच्या पुढील पिढ्या निकामी होऊन संसर्ग संपुष्टात येतो.

तत्त्व

आरएनए विषाणूंच्या जनुकीय मजकुराची नक्कल पॉलिमरेज हे विकर करते. बहुतेक आरएनए विषाणूंमध्ये या नकलेतील चुका दुरुस्त करण्याची सोय नसते. त्यामुळे साधारणतः दहा हजार ते दहा लाख घटकांमागे एक चूक होते. बदलत्या परिस्थितीत तग धरण्यासाठी विषाणूला अशा चुका उपयोगी पडतात; मात्र त्यांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेल्यास त्याचा जनुकीय मजकूर टिकून राहत नाही. जर्मन शास्त्रज्ञ मान्फ्रेड आयगेन यांनी १९७१ मध्ये या मर्यादेची सैद्धांतिक मांडणी केली.

औषधे

१९९९ मध्ये लॉरेन्स लोब व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत एचआयव्हीवर या पद्धतीचा प्रयोग केला. रिबाविरिन हे जुने औषध पोलिओच्या विषाणूत उत्परिवर्तने घडविते, असे २००० मध्ये आढळले. कोविड-१९ वरील मोल्नुपिराविर हे या पद्धतीचे अलीकडील उदाहरण होय. शरीरात त्यापासून तयार होणारा घटक आरएनएच्या नैसर्गिक घटकासारखा असल्याने पॉलिमरेज त्याला नकलेत सामावून घेते. हा घटक ग्वानिन व अॅडेनिन या दोहोंशीही जोडी जमवू शकतो. परिणामी पुढील प्रत्येक नकलेत चुका साचत जातात. करोनाविषाणूची स्वतःची दुरुस्ती यंत्रणाही त्या पुरेशा प्रमाणात रोखू शकत नाही.

मर्यादा

चुका वाढूनही विषाणू नष्ट झाला नाही, तर बदललेले विषाणू शिल्लक राहून पसरू शकतात. मोल्नुपिराविरच्या वापराशी जुळणाऱ्या उत्परिवर्तनांच्या खुणा जगभरातील काही करोनाविषाणूंत आढळल्याचे २०२३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तथापि, त्यातून अधिक घातक प्रकार निर्माण झाल्याचे सिद्ध झालेले नाही. काही विषाणू अधिक अचूक नक्कल करणारे पॉलिमरेज मिळवून औषधाला दाद देत नाहीत. पोलिओच्या विषाणूत असा बदल आढळला आहे. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवर परिणाम होण्याची शक्यता ही आणखी एक चिंता आहे. भारतात डिसेंबर २०२१ मध्ये मोल्नुपिराविरला आपत्कालीन वापरासाठी परवानगी मिळाली. परंतु सुरक्षिततेच्या कारणास्तव राष्ट्रीय उपचारपद्धतीत त्याचा समावेश करण्यात आला नाही. गर्भावस्थेत हे औषध टाळण्याचा सल्ला दिला जातो.