ॲशच्या लाकडावर धावणारी गाडी

मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. लगेच डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनच्या रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि जिओकॅशिंगचा खेळ सुरू झाला. ब्रिटनमध्ये तो चांगलाच रुजला, कारण तिथे शेतांतून जाणाऱ्या हक्काच्या पायवाटा गावोगाव आहेत. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तसा परत ठेवायचा. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं आणि जागामालकाची परवानगी हवी.

ब्रिटिश खेळाडूंना डब्यांच्या मालिका फार आवडतात. चर्चजवळच्या डब्यांची ‘चर्च मायक्रो’, रेल्वे स्टेशनांची ‘साइडट्रॅक्ड’, महामार्गालगतची ‘मोटरवे मेहेम’. मोटारींची वाटही अशीच आखता येते: प्रत्येक डब्याला एका गाडीचं नाव, तिच्याविषयी एखादं कोडं, आणि उत्तरातल्या आकड्यांतून डब्याची जागा. अशा वाटेवर एक नाव असायलाच हवं, ते म्हणजे मॉरिस मायनर ट्रॅव्हलर. कारण वाटेवरच्या कुंपणातलं ॲशचं झाड आणि ही गाडी यांचं नातं अगदी सख्खं आहे.

ॲलेक इसिगोनिस यांची मॉरिस मायनर १९४८ मध्ये आली. ट्रॅव्हलर १९५३ मध्ये. पुढून ती नेहमीची मायनर. दारांच्या मागे मात्र ॲशच्या लाकडाचा उघडा सांगाडा, मधे ॲल्युमिनियमचे पत्रे आणि मागे कपाटासारखी उघडणारी दोन दारं. हे लाकूड शोभेचं नाही, गाडीचा मागचा भाग त्यानेच तोलून धरलेला असतो. १९६० च्या मिनी ट्रॅव्हलरवरच्या पट्ट्या मात्र नुसत्या वरून चिकटवलेल्या होत्या. ॲश चिवट असतं, हादरे सोसतं, वाकवलं तर वाकतं. त्याचं वैर पाण्याशी. सरकत्या काचांच्या खाचेत पाणी साचतं, तिथे शेवाळ धरतं आणि खालची पट्टी आतून कुजते. कुजलेला खांब म्हणजे वाहन-तपासणीत नापास. चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना २०१८ पासून या वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण गाडी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच. म्हणून जाणकार गिऱ्हाईक इंजिनाआधी लाकडाचे सांधे दाबून बघतं.

लाकडी बॉडीमागे हौस होती तशी निकडही होती. शिकारीला जाणाऱ्या श्रीमंतांच्या ‘शूटिंग ब्रेक’ गाड्या जुन्याच. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई झाली. शिवाय प्रवासी मोटारीवरचा खरेदी-कर मालवाहू म्हणून नोंदलेल्या लाकडी गाडीला लागत नसे. मग अनेक लहान कारखान्यांतले सुतार तयार चेसिसवर बॉडी चढवू लागले. आपल्याकडेही तो काळ लाकडी बॉडीचाच होता. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एसटी बेडफर्डची होती. बॉडी लाकडी आणि छप्पर कापडी.

लाकूड म्हणजे मागासलेपण, हा समज मार्कोस या मोटार कंपनीने खोडून काढला. १९५९ मध्ये जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन यांनी चक्क प्लायवूडची शर्यतीची गाडी बांधली. कॉस्टिन डी हॅविलँडमध्ये काम केलेले विमान-अभियंते, आणि लाकडी ‘मॉस्किटो’ विमान त्याच कंपनीचं. पुढे जगज्जेते झालेले जॅकी स्ट्युअर्ट उमेदवारीत मार्कोस चालवत.

ट्रॅव्हलरचं उत्पादन १९७१ मध्ये थांबलं, तोवर दोन लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. वूस्टरशरमधल्या माल्व्हर्नला मॉर्गनच्या मोटार-कारखान्यात मात्र सुतारशाळा अजून चालू आहे. चेसिस आता ॲल्युमिनियमची, तरी बॉडीखालचा सांगाडा ॲशचाच.

खरी चिंता झाडांची आहे. ॲशला मारणारी बुरशी ब्रिटनच्या रानात २०१२ मध्ये आढळली, आणि देशातली ८० टक्क्यांपर्यंत झाडं जातील असा अंदाज वुडलँड ट्रस्टने मांडला आहे. जी झाडं या रोगाला पुरून उरतात, त्यांचं बी जपून नवी रोपं वाढवण्याचं काम तिथले वनशास्त्रज्ञ करत आहेत.