डबा आधी, वेफर मागून

वेफर्सच्या पाकिटाबद्दल जगभर एकच रड: फोडलं की निम्मी हवा, आणि तळाशी चुरा. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणवाल्या कंपनीने ती मनावर घेतली आणि काम सोपवलं फ्रेडरिक बाऊर या रसायनतज्ज्ञाकडे. आचाऱ्याकडे नव्हे! त्यातून निघालेल्या ‘प्रिंगल्स’ या वेफर्सची पुढची सगळी गंमत या निवडीतच आहे.

बाऊर यांनी वेफरपेक्षा त्याच्या घराचा विचार केला. खोगिरासारख्या वळणाच्या, एका मापाच्या चकत्या एकीवर एक रचायच्या आणि नळकांड्यात उभ्या ठेवायच्या. गणितात या आकाराला हायपरबोलिक पॅराबोलॉइड म्हणतात. घडण जमली, चव जमेना. ती पुढे अलेक्झांडर लीपा यांनी सुधारली. या चकत्या बटाटा कापून होत नाहीत. वाळवलेल्या बटाट्याचं पीठ मळून, लाटून, साच्यात धरून तळावं लागतं. तळणीचं यंत्र घडवणाऱ्यांत जीन वुल्फ नावाचे एक अभियंते होते. ‘द बुक ऑफ द न्यू सन’ लिहिणारे विज्ञानकथाकार ते हेच. डब्यावरच्या मिशाळ गृहस्थात त्यांचे चाहते थट्टेने त्यांनाच ओळखतात.

१९६८ मध्ये इंडियाना राज्यात प्रिंगल्स विक्रीला आलं. प्रतिस्पर्धी लगेच चवताळले: हे कसले चिप्स? १९७५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ठरवलं, चिप्स म्हणायचं तर ‘वाळवलेल्या बटाट्यापासून बनवलेले’ हेही सोबत छापा. कंपनीने ‘क्रिस्प्स’ म्हणवून घेणं पत्करलं.

ब्रिटनमध्ये नेमकं उलट झालं. तिथे बहुतेक खाद्यपदार्थांना व्हॅट लागत नाही, बटाट्याच्या क्रिस्प्सना लागतो. तेव्हा कंपनीच कोर्टात सांगू लागली की आमच्यात बटाटा जेमतेम ४२ टक्के, आकार निसर्गात कुठे न सापडणारा, आम्ही क्रिस्प्स नव्हेच! जुलै २००८ मध्ये हायकोर्टाने ते मान्यही केलं. मे २००९ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला. बटाटेपणाचं तत्त्वज्ञान सांगत बसू नका, असाच न्यायमूर्ती जेकब यांचा एकूण सूर होता. पणाला लागले होते थकबाकीचे सुमारे १० कोटी पौंड. इतक्या पैशांसाठी कुणीही बटाट्याला ओळख दाखवणार नाही.

हायकोर्टाच्या त्या निकालाआधी दोनच महिने, मे २००८ मध्ये, बाऊर वारले. त्यांची इच्छा मुलांना ठाऊक होती. अंत्यविधीला जाताना वाटेत त्यांनी एक डबा विकत घेतला. कुठल्या चवीचा घ्यावा यावर थोडी चर्चा झाली आणि ‘ओरिजिनल’ ठरला. अस्थींचा काही भाग त्या डब्यात भरून सिनसिनाटीजवळ पुरला. हसू येतं खरं. पण आपल्या कामावर इतकं प्रेम असणारे कितीसे असतात?

लोकांच्या डोक्यात राहिला तो हाच डबा आणि तो आकार. चवीबद्दल कुणी भरभरून बोलताना मी ऐकलेलं नाही. २००१ च्या सुमारास वायफाय नवं होतं, तेव्हा हौशी मंडळींनी रिकाम्या डब्यात वॉशर ओवलेली सळई बसवून अँटेना केला. व्यास थोडा अपुराच, पण ‘कॅन्टेना’ हे नाव चिकटलं. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी लंडनमध्ये सायकल शर्यतींचा बंदिस्त ट्रॅक उभा राहिला, त्याचं छप्पर पाहून लोकांनी त्याचं नावच ‘प्रिंगल’ ठेवलं. त्याच वर्षी केलॉगने हा ब्रँड सुमारे २७० कोटी डॉलरना घेतला.

कौतुकाचा हा डबा कचऱ्यात गेला की मात्र डोकेदुखी. पुठ्ठा, आतून चंदेरी अस्तर, धातूचं बूड, प्लॅस्टिकचं झाकण. वेगळं कोण करणार? २०१७ मध्ये ब्रिटनच्या रिसायकलिंग असोसिएशनच्या प्रमुखांनी त्याला सरळ खलनायक ठरवलं. २०२० मध्ये कंपनीने तिथल्या काही दुकानांत कागदी डबा विकून पाहिला. नव्या झाकणाचाही तोच ‘पॉप’ आवाज येईल, ही ग्वाही तेव्हाच देऊन ठेवली होती.