मंजुरी संसदेची, मुदत कुणाची?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हिरवा झेंडा दाखविला आणि बीड व अहिल्यानगर यांच्यामध्ये प्रवासी गाडी सुरू झाली. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी रेल्वे आली, हा प्रसंग आनंदाचा होता यात शंका नाही. १९९५-९६ साली या मार्गाला मंजुरी मिळाली तेव्हा प्रस्तुत लेखक शाळेत होता. आज तो त्याच जिल्ह्यातील महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवितो. एका पिढीचे बालपण, शिक्षण आणि नोकरीची उमेदवारी या मंजुरीच्या आणि या गाडीच्या दरम्यान संपून गेली. म्हणूनच स्वागताच्या तोरणांखाली उभे राहून एक प्रश्न विचारणे भाग आहे. ज्या संसदेने या मार्गासाठी वर्षानुवर्षे रकमा मंजूर केल्या, तिने तो पुरा केव्हा होणार, हे एकदा तरी ठरवून घेतले होते काय?

प्रथम आकडे पाहू. अहमदनगर-बीड-परळी वैजनाथ हा सुमारे २६१ कि. मी. लांबीचा मार्ग मंजूर झाला, तेव्हा त्याचा अंदाजित खर्च ३५३ कोटी रुपये होता. पुढे तो वाढत वाढत ४,८०५ कोटींवर गेला. म्हणजे मुळाच्या साडेतेरापटींहून अधिक झाला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगरहून आष्टीपर्यंत, म्हणजे सुमारे ६६ कि. मी. अंतरावर, प्रवासी गाडी धावू लागली. त्यानंतरच्या तीन वर्षांत ती बीडपर्यंत, म्हणजे सुमारे १६७ कि. मी. पर्यंत पोचली. सत्तावीस वर्षांत ६६ आणि तीन वर्षांत सुमारे १०० असा हा हिशेब आहे. मातीकाम व पूल यांचा काही भाग आधी झाला होता, हे जमेस धरूनही निष्कर्ष बदलत नाही. आड येत होता तो बालाघाटचा डोंगर नव्हे. आड येत होती ती तुटपुंजी तरतूद आणि रखडलेले भूसंपादन.

खर्च वाढला तो महागाईमुळे, असे उत्तर नेहमी दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. दरसाल ७ टक्के भाववाढ अखंड तीस वर्षे चालली असे मानले, आणि सर्व पैसा शेवटच्याच वर्षी खर्च झाला असे धरले, तरी ३५३ कोटींचे सुमारे २,७०० कोटी होतात. उरलेल्या दोन हजार कोटींहून अधिक वाढीचे उत्तर अन्यत्र शोधावे लागते. मूळ अंदाज किती काळजीपूर्वक केला होता, कामाचे स्वरूप किती बदलले, आणि २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने जमिनीच्या मोबदल्यात किती भर घातली, हे प्रश्न त्यात येतात. शेतकऱ्याला वाढीव मोबदला मिळाला हे न्याय्यच झाले. परंतु वेळेवर जमीन घेतली असती तर काम आणि मोबदला यांचा हिशेब कधीच मिटला असता.

संसदेची देखरेख कोठे कमी पडते, हे समजण्यासाठी तिची रीत पाहिली पाहिजे. नव्या मार्गाचे नाव एकदा अंदाजपत्रकात आले की दरसाल ‘पिंक बुक’ नावाच्या पुस्तकात त्याच्यापुढे एक रक्कम छापली जाते. काही मार्गांपुढे तर केवळ एक हजार रुपये, म्हणजे नाव जिवंत ठेवण्यापुरती नाममात्र तरतूद असते. सभागृह मत देते ते त्या एका वर्षाच्या पैशाला. काम पुरे होण्याच्या तारखेला नव्हे. सदस्याने प्रश्न विचारला तर भूसंपादन, वन खात्याची परवानगी आणि निधीची उपलब्धता यांवर सारे अवलंबून असल्याने निश्चित मुदत सांगता येत नाही, अशा आशयाचे ठराविक उत्तर मिळते. उत्तर मिळाले की प्रश्न निकालात निघतो. मार्ग मात्र तेथेच राहतो.

हा रोग नवा नाही. १९२०-२१ च्या अ‍ॅकवर्थ समितीला हेच आढळले होते की, सरकारी तिजोरीच्या वार्षिक ओढाताणीत दीर्घ मुदतीची रेल्वेकामे नीट होऊ शकत नाहीत. त्यातूनच १९२४ पासून रेल्वेचे अंदाजपत्रक वेगळे झाले. २०१७ मध्ये ते पुन्हा सर्वसाधारण अंदाजपत्रकात विलीन करण्यात आले. वेगळ्या अंदाजपत्रकाच्या काळात घोषणांचा सुकाळ होता हे मान्य केले पाहिजे. पण निदान एक दिवस रेल्वेमंत्र्याला सभागृहापुढे आपला सारा पसारा मांडावा लागे. तो दिवस गेला, आणि त्याची जागा घेणारी दुसरी कडक व्यवस्था आली नाही.

दोष एकट्या मंत्रालयाचा नाही. जुलै २०१४ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनीच लोकसभेत सांगितले की, मागील तीस वर्षांत ६७६ प्रकल्प मंजूर झाले आणि त्यांपैकी ३१७ पुरे झाले. मागील दहा वर्षांत ९९ नव्या मार्गांना मंजुरी मिळाली आणि त्यांतला केवळ एक पूर्ण झाला. हे प्रकल्प मागितले कोणी? मतदारसंघात मंजुरीची बातमी नेण्यासाठी उत्सुक असलेल्या सदस्यांनीच. एका भाकरीचे शंभर तुकडे केले, तर पंगतीतला कोणीच तृप्त होत नाही.

संसदेजवळ साधने नाहीत असेही नाही. लोकलेखा समिती आहे, अंदाज समिती आहे, १९९३ पासून खातेवार स्थायी समित्या आहेत. परंतु लोकलेखा समितीचे काम महालेखापरीक्षकांच्या अहवालानंतर सुरू होते, म्हणजे पैसा आणि काळ दोन्ही गेल्यावर. स्थायी समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. शवविच्छेदन उत्तम व्हावे, पण रोग्याची नाडी कोणीच पाहू नये, अशी ही स्थिती आहे.

येथे एक आक्षेप येईल. कठोर छाननी झाली असती तर बीडला रेल्वे मिळालीच नसती. कारण नव्या मार्गासाठी दीर्घकाळ १४ टक्के परताव्याचा निकष होता आणि कोरडवाहू जिल्हा तो कोठून पुरा करणार? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पण छाननी आणि परतावा या एक गोष्टी नव्हेत. दसऱ्यानंतर लाखो ऊसतोड मजूर ज्या जिल्ह्यातून बाहेर पडतात, तेथील रेल्वेचे मोल तिकिटांच्या उत्पन्नावर मोजायचे नसते. मागास भागासाठी म्हणून मार्ग घ्यायचा ठरला, की तो ठरल्या वेळेत पुरा होतो की नाही, हे पाहणे अधिकच अगत्याचे होते. कारण विलंबाची किंमत दुबळ्यालाच अधिक मोजावी लागते. कोकण रेल्वेचे उदाहरण समोर आहे. १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ झाले, भाग घेणाऱ्या राज्यांनी भांडवल दिले, कर्जरोख्यांतून पैसा उभा राहिला, आणि रोहा ते मंगळूर हा सुमारे ७६० कि. मी.चा बिकट मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. निधी निश्चित होता आणि जबाबदार धरण्याजोगी संस्था एक होती.

आपल्या मार्गाचा निम्मा खर्च महाराष्ट्राने उचलला आहे. सुमारे २,४०० कोटी. धनी दोन झाले, तेव्हा जाब विचारणारी सभागृहेही दोन हवीत. प्रत्यक्षात राज्याचा हिस्सा आला नाही असे रेल्वेने म्हणावे आणि रेल्वेची गती नाही असे राज्याने म्हणावे, एवढ्यावर निभावते. विधिमंडळानेही या खर्चाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

उपाय अवघड नाही. दरसाल अंदाजपत्रकाबरोबर प्रत्येक नव्या मार्गाचे एक पान संसदेपुढे ठेवावे: मूळ खर्च, आजचा खर्च, झालेले काम, उरलेली जमीन आणि पूर्ततेची तारीख. तारीख चुकली तर कारण स्थायी समितीपुढे सांगावे लागावे. जुने मार्ग पुरे होण्याइतकी तरतूद झाल्याखेरीज नव्यांची भर घालू नये.

बीडला गाडी आली त्या दिवशी पुढचा, परळी वैजनाथपर्यंतचा सुमारे नव्वद कि. मी.चा टप्पा शिल्लक होता. परळीला जुने जंक्शन आहे. तेथे जोडले जाईपर्यंत बीडचा मार्ग हा एका टोकाला बंद असलेला मार्गच राहणार. या टप्प्याची तारीख बीडच्या सभेत नव्हे, तर दिल्लीच्या सभागृहात, कामकाजाच्या नोंदीत उतरावी, एवढीच मागणी आहे. सभेतले आश्वासन वाऱ्यावर जाते. नोंदीतले आश्वासन पुढल्या सदस्याला पुन्हा उघडून दाखविता येते.