स्क्रूजचे हृदयपरिवर्तन

उतारवयात मनुष्याचा स्वभाव पालटू शकतो काय? चार्ल्स डिकन्स (१८१२–१८७०) या थोर इंग्रज कादंबरीकाराने ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या छोटेखानी कादंबरीत या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. ती १८४३ च्या डिसेंबरात लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्या काळी इंग्लंडात खाणींत आणि कारखान्यांत कोवळी मुले राबत असत. वडील कर्जबाजारी झाल्यामुळे बाराव्या वर्षी डिकन्सलाही बुटांच्या काळ्या रंगाच्या कारखान्यात काम करावे लागले होते. गरिबीची ती झळ तो कधीच विसरला नाही.

कादंबरीचा नायक एबेनेझर स्क्रूज हा लंडनमधील धनिक, परंतु महाकृपण म्हातारा. कडाक्याच्या थंडीतही आपला कारकून बॉब क्रॅचिट याला तो पुरेसा कोळसा जाळू देत नाही. नाताळाच्या आदल्या दिवशी भाचा जेवणाचे निमंत्रण देतो. स्क्रूज त्याला झिडकारतो. गरिबांसाठी वर्गणी मागणाऱ्यांना तो रिकाम्या हाताने परत पाठवतो. दाराशी नाताळाचे गीत गाणाऱ्या मुलालाही तो हुसकावून लावतो.

त्याच रात्री, सात वर्षांपूर्वी वारलेला त्याचा भागीदार मार्ले पिशाचरूपाने प्रकट होतो. त्याच्या देहाभोवती किल्ल्या, कुलुपे, खातेवह्या आणि पैशांच्या पेट्या यांची साखळी असते. ती त्याने हयातीत स्वतःच घडवलेली असते. त्यानंतर भूत, वर्तमान आणि भविष्य दाखवणारे तीन आत्मे एकामागून एक येतात.

पहिला आत्मा स्क्रूजला त्याच्या बालपणात नेतो. सुटीत सारी मुले घरी गेलेली आणि ओस पडलेल्या शाळेत एकटाच बसलेला लहानगा स्क्रूज! ते पाहून म्हाताऱ्याला रडू कोसळते आणि लगेच त्याला हुसकावलेल्या त्या गाणाऱ्या मुलाची आठवण होते. त्याला काही दिले असते तर बरे झाले असते, असे त्याला वाटते. त्याच्या परिवर्तनाचा आरंभ येथे होतो. स्वतःच्या दुःखाची ओळख पटल्यावरच त्याला दुसऱ्याचे दुःख दिसू लागते. दुसरा आत्मा त्याला बॉबच्या घरी नेतो. तेथे कुबडीच्या आधाराने चालणारा आजारी टिम पाहून हा मुलगा जगेल ना, असे स्क्रूज कळवळून विचारतो. तिसरा आत्मा त्याला टिमचा मृत्यू दाखवतो आणि ज्यावर कोणीही अश्रू ढाळत नाही असे स्क्रूजचे स्वतःचे थडगेही दाखवतो. हे टळू शकेल काय, या त्याच्या प्रश्नाला आत्मा उत्तर देत नाही.

ते उत्तर स्क्रूज स्वतःच्या कृतीने देतो. सकाळी जागा होताच आपले नावही न कळवता तो बॉबच्या घरी भलामोठा टर्की पक्षी पाठवतो. नाकारलेली वर्गणी भरघोस देतो. भाच्याच्या घरी जेवायला जातो. दुसऱ्या दिवशी बॉबचा पगार वाढवतो आणि त्याला आधी कोळसा आणायला सांगतो. टिम वाचतो; स्क्रूज त्याला दुसऱ्या पित्यासारखा होतो.

नुसत्या भयाने किंवा अश्रूंनी मनुष्य सुधारत नाही. ज्याचे ज्याचे मन दुखावले, त्याच्याकडे परत जाऊन स्क्रूजने आपली चूक निस्तरली. पश्चात्तापाची खरी ओळख अशा कृतीतच पटते.