जॅझसाठी भरीव गिटार: काय घ्यावी, काय बदलावे



पेडणे-डिचोलीच्या मराठी घरांतून हल्ली एक प्रश्न आमच्याकडे येतो. मूल हार्मोनियम शिकलेले असते, चवथीला घुमट आरतीत बसते, भजनी सप्ताहात टाळ धरते. मग हरमलच्या बाजूला कुठेतरी जॅझ ऐकून येते आणि घरी सांगते, "मला गिटार हवी, पण जॅझची." दुकानात चौकशी केली की कळते, 'जॅझची गिटार' म्हणजे आतून पोकळ, फुगीर अंगाची, भलीमोठी गिटार. तिची किंमत ऐकून वडील गप्प होतात. मुलाला वाटते घरच्यांना संगीत कळत नाही, आणि विषय तिथेच बुडतो. तो तसा बुडू नये म्हणून हा लेख. चांगल्या लाकडाच्या, साध्या भरीव गिटारीवर (हिलाच सॉलिड बॉडी म्हणतात) जॅझ उत्तम वाजतो. फक्त ती कशी निवडायची आणि तिच्यात काय बदलायचे हे माहीत हवे.

जॅझ गोव्याला परका नाही, हे आधी सांगू. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईला गेले आणि तिथल्या हॉटेलांतल्या बँडमध्ये त्यांनी जॅझ वाजवला. हळदोण्याचे चिक चॉकलेट ट्रंपेट वाजवत. मडगावचे ख्रिस पेरी यांनी तोच रंग कोंकणी गाण्यात आणला. गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा यांचा जन्म १९३६ साली मुंबईत एका गोमंतकीय घरात झाला. पुढे ते इंग्लंडला गेले आणि १९६९ मध्ये सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याबरोबर त्यांनी 'हम दोनो' ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात रागाचे वळण आणि जॅझ एकाच पंगतीला बसले आहेत. भजनातून आलेल्या मुलांनी ती जरूर ऐकावी.

आता वाद्याकडे वळू. ट्रंपेट आणि ड्रमच्या कल्लोळात गिटारीचा आवाज पूर्वी बुडून जाई. १९३६ मध्ये अमेरिकेत गिब्सन कंपनीने पोकळ गिटारीला विजेचा पिकअप लावून बाजारात आणली आणि चार्ली ख्रिश्चन यांनी १९३९ पासून बेनी गुडमन यांच्या बँडमध्ये ती वाजवून गाजवली. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वर पोलादी तार थरथरली की या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि ती अॅम्प्लिफायरला जाते. चार्ली ख्रिश्चन यांचा पिकअप मानेच्या टोकाजवळ होता. ही बारीकशी गोष्ट फार महत्त्वाची आहे. घुमटाच्या मध्यावर थाप दिली तर भरीव बोल येतो, कडेला दिली तर टणक येतो. तारेचेही तसेच. घोडीजवळ तारेचा झोका लहान असतो आणि वरचे स्वरांश अधिक उठून दिसतात, म्हणून आवाज धारदार लागतो. मानेकडे झोका मोठा असतो, म्हणून आवाज गोल लागतो. 'जॅझचा आवाज' म्हणून जो आपल्या कानात बसला आहे, त्यातला बराच भाग पोकळ पेटीचा नसून मानेजवळच्या पिकअपचा आणि जाड तारांचा आहे.

पोकळ गिटारीची एक अडचणही आहे. आवाज वाढवला की पेटीच गुंजू लागते आणि शिटी बसते. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात पातळ लाकडाची पेटी ओल पिऊन फुगते, तारांची उंची बदलते. भरीव गिटारीला हा त्रास कमी. कॅनडाचे एड बिकर्ट जॅझच वाजवत आणि तोही टेलिकास्टर नावाच्या अगदी फळीसारख्या गिटारीवर. पॉल डेस्मंड यांची 'प्युअर डेस्मंड' (१९७५) ऐकताना गिटार भरीव आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

मात्र नावावर जाऊ नये. फेंडर कंपनीने १९५८ मध्ये 'जॅझमास्टर' नावाची भरीव गिटार खास जॅझवाल्यांसाठी काढली. जॅझवाल्यांनी तिच्याकडे फारसे पाहिले नाही. कॅलिफोर्नियात समुद्रावरच्या लाटांची गाणी वाजवणाऱ्या पोरांनी ती उचलली. दुकानदार "ही जॅझचीच" म्हणाला तरी आपण पिकअप कुठे आहे ते पाहावे.

मानेजवळ चांगला पिकअप असणे ही पहिली अट. एकेरी गुंडाळीचा पिकअप स्वच्छ वाजतो, पण ट्यूबलाईट आणि डेकोरेशनच्या दिव्यांजवळ गुणगुणतो. हंबकर पिकअप गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तयार केला. त्यात दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडलेल्या असतात. बाहेरची गुणगुण एकमेकींत नाहीशी होते आणि तारेचा आवाज तेवढा दुणावतो. त्याचा आवाज जाडही असतो. स्वस्त गिटारींत पुष्कळदा हंबकर घोडीजवळ आणि एकेरी पिकअप मानेजवळ असतो. रॉकसाठी ते ठीक, आपल्याला नेमके उलटे हवे.

दुसरी गोष्ट घोडीची. दांडा दाबून स्वर हलवता येणारी, मागे स्प्रिंग असलेली घोडी मुलांना आवडते, पण जाड तारा चढवल्या की ती पुढे उचलली जाते आणि एक तार तुटली तर बाकीच्या पाचही बेसूर होतात. शक्यतो पक्की बसवलेली घोडी घ्यावी. घरी आधीच स्प्रिंगवाली असेल तर मागच्या पोकळीत सागवानाची नीट तासलेली पाचर ठोकून घोडी जागीच रोखता येते. हे काम गावचा सुतार करू शकतो.

मानेची लांबी लहान हातांसाठी पाहावी. फेंडर पद्धतीत तारेची वाजती लांबी ६४८ मिलिमीटर असते, गिब्सन पद्धतीत साधारण ६२८. त्याच जाडीच्या तारेला त्याच स्वरात आणायला लांब मानेवर सुमारे सहा टक्के अधिक ताण लागतो. जॅझमध्ये चार चार स्वरांचे पसरट कॉर्ड धरावे लागतात, म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आखूड मान सोपी जाते. पण आखूड मानेच्या लेस पॉल पद्धतीच्या गिटारी चार किलोच्या आसपास भरतात, तेव्हा खांद्याला लावून उभे करून पाहावे.

गिटार घरी आली की लगेच पिकअप बदलायला धावू नका. आधी मानेजवळचा पिकअप निवडा, टोनची कळ अर्ध्याच्या खाली आणा, आवाजाची कळ थोडी मागे घ्या आणि अॅम्प्लिफायरवर तीव्र स्वर कमी करा. एवढ्यानेच निम्मे काम होते आणि पैसा एकही लागत नाही.

मग तारा. नव्या गिटारीवर सहसा ९ किंवा १० नंबरच्या (म्हणजे पहिली तार इंचाच्या हजाराव्या भागात तेवढी जाड) गोल वेढ्याच्या तारा असतात. जॅझवाले ११ किंवा १२ नंबरच्या, चपट्या वेढ्याच्या तारा लावतात. चपट्या पट्टीने वेढलेली तार गुळगुळीत असते, बोट सरकवताना खरखर होत नाही आणि झणझण लवकर विरते. सतारीची जवारी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे पटकन समजेल. पंडित रविशंकर यांच्या सतारीची जवारी खुली, उस्ताद विलायत खाँ यांच्या सतारीची बंद. जॅझ गिटारीला बंद जवारीकडे झुकणारा आवाज हवा. मिरजेचे कारागीर जवारी काढताना घोडी कणाकणाने घासतात (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले). इथे तेच काम तारेच्या निवडीने होते.

जॅझच्या संचात तिसरी तारही वेढ्याची असते. तिने कॉर्ड सुरात राहतात, पण ती ओढून मींड घेता येत नाही. ज्याला उद्या नाट्यगीतही वाजवायचे आहे त्याला ही तार बेडी वाटेल. आमच्या मते अशा मुलाने तिसरी साधी ठेवून ११ नंबरचा संच लावावा. जॅझच्या जाणत्यांना हे रुचणार नाही; पण आपल्या मुलाच्या बोटांतली मींड गमावण्याइतके ते महत्त्वाचे नाही.

जाड तारा लावल्या की तीन दुरुस्त्या ओघानेच येतात. मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या पट्टीतल्या खाचा तारेच्या मापाने रुंद कराव्या लागतात, नाहीतर तार अडकते आणि सूर लावताना टुणकन उडी मारते. ताण वाढल्यामुळे मान पुढे वाकते, तेव्हा मानेतली लोखंडी सळई एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही अशी सावकाश पिळावी. नवशिक्याने हे जाणकारासमोरच करावे. आणि घोडीवरचे तारेचे टेकू पुढेमागे सरकवून बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात आणावा. हे राहिले तर बिचारे मूल बरोबर बोटे ठेवूनही बेसूर वाजवते आणि दोष स्वतःच्या कानाला देते.

पिकअप बदलणे हे सगळ्यात शेवटी. मानेजवळ हंबकर बसवायचा तर बहुधा लाकूड कोरावे लागते, म्हणून एकेरी पिकअपच्या मापाचा छोटा हंबकर मिळतो का ते आधी पाहावे. त्याच्याबरोबर कळाही पाहाव्यात. एकेरी पिकअपला २५० किलोओहमच्या आणि हंबकरला ५०० किलोओहमच्या कळा वापरतात. सोल्डरिंग रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून होईल, त्याला फक्त नकाशा द्यावा.

आमच्या हवेत आषाढ-श्रावणात तारा आठवड्यात काळ्या पडतात. वाजवून झाले की कोरड्या फडक्याने पुसाव्यात, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. ती भिंत पावसात ओल धरते. पावसाळा संपल्यावर मानेचा बाक पुन्हा एकदा तपासावा.

एक सूचना पालकांनी विशेष लक्षात ठेवावी. गिटारीच्या तारा अॅम्प्लिफायरमधून अर्थिंगला जोडलेल्या असतात. मंडपातल्या जोडणीला अर्थिंग नसेल किंवा तारा उलट जोडल्या असतील तर गिटार धरलेल्या हाताने मायक्रोफोनला स्पर्श करताच शॉक बसू शकतो. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वे नावाचा गिटारवादक रंगमंचावर असाच दगावला. मुलगा सप्ताहात किंवा कार्यक्रमात वाजवणार असेल तर तीन पिनांचाच प्लग वापरावा, तिसरी पिन मोडून टाकू नये, ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहू देऊ नये, आणि वाजवण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून टेस्टरने मायक्रोफोन तपासून घ्यावा.